मामीनं खाल्लेली चिलापी

चिलापीला नावं ठेवता ना, मग आमच्या मामीचं ऐका. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मामा आंजीजवळच्या तलावात जाळं टाकायचा. सरकारी माणसांनी तिथं चिलापी हा बाहेरचा मासा सोडला. तो बाकीच्यांची अंडीही खायचा, त्यामुळे थोड्याच वर्षांत गावची बारीक मासोळी दिसेनाशी झाली.

मामी तापातून उठली, पण तोंडाला चव नव्हती. म्हणाली, "मले आपली जुनी मासोळी पायजे."

मामानं दिवसभर जाळं टाकलं, निघाली चिलापीच. शेवटी वरच्या नाल्याच्या डोहातून त्यानं ओंजळभर मासोळी गडूत जिवंत आणली.

मामीनं गडूत डोकावलं. "एवढीच उरली का जी?"

"हाव. तलावात तं एकबी नाई."

"मंग आपल्या इहिरीत सोडा तिले."

"अवं, तुह्यासाठीच आनली ना! आता तू खाशीन काय?"

"चिलापीच रांधा."

मामानं कुरकुरत मासोळी विहिरीत सोडली आणि चिलापीचा रस्सा केला. आजारानंतर मामी पहिल्यांदाच पोटभर जेवत होती. मामा चकित झाला.

"काऊन वं, आवडून राह्यली का चिलापी?"

"नाई जी. पन जेवढ्या मी खाईन, तेवढ्या तलावातून कमी होतीन. वाढा अजून!"