निनावी पत्राखालची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय ढुंढिराज सर, मंचावर बसलेले संस्थेचे पदाधिकारी, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या जर्मनच्या मालिनीबाई, शिक्षकवर्ग, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आज जे बोलणार आहे ते सहा वर्षांपूर्वी, सन दोन हजार साली, बोलायला हवं होतं. फार उशीर झाला.

काल शाळेतले विश्वेश सर घरी आले आणि म्हणाले, "आजोबा, जुन्या पालकांच्या वतीने पाच मिनिटं बोला." एवढे शिकलेले पालक असताना माझंच नाव का निघालं, याचा मला कालपासून संशय आहे. असो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. नाशिकरोडला टपालाच्या तिकिटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं काढली. तिथे रोज सुटताना फाटकावर अंगझडती व्हायची, जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा. एवढी वर्षं ज्याची झडती झाली, तो घरी बसल्यावर काय करणार? माझी नात स्नेहल शाळेतून आली की मी तिचं दप्तर उघडायचो. ती म्हणायची, "घ्या साहेब, चपलाही काढून दाखवू का?" मी हसायचो नाही.

अकरावीत तिने मराठी सोडून जर्मन घेतलं. मी म्हणालो, "आपल्या भाषेनं तुझं काय वाईट केलं गं?"

"जर्मनला मार्क पडतात, आजोबा. सगळेच घेतात."

सगळेच घेतात म्हटल्यावर मला जास्तच शंका आली. तडक शाळेत आलो. मालिनीबाई म्हणाल्या, "मागच्या बाकावर बसा आणि स्वतःच बघा." बसलो. मुलं आगगाडीचं वेळापत्रक वाचत होती, खोटाखोटा पाव विकत घेत होती, एकमेकांना रस्ता विचारत होती. सगळे हसत होते. मला एकच प्रश्न पडला : ही पोरं रस्ता का विचारताहेत? कुठे जायचंय यांना?

जानेवारीत दप्तरात एक कागद सापडला. अक्षर स्नेहलचं, भाषा जर्मन. मला लागलं ते एवढंच : तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, उंची एकशे अठ्ठावन्न, आईवडिलांची नावं आणि कोपऱ्यात चिकटवलेला फोटो. मंडळी, तुम्हीच सांगा, आपल्याकडे मुलीचा असा कागद कशासाठी करतात? माझ्या लेकीच्या, मोहिनीच्या लग्नाच्या वेळी मी स्वतः असे चाळीस कागद वाटले होते. यात रास-नक्षत्र तेवढं नव्हतं. म्हटलं, तिकडे पाहत नसतील.

फेब्रुवारीत जर्मनीहून जाड पाकीट आलं. मी आधी तिकीट तपासलं. छपाई स्वच्छ, कडेचे दाते सरळ, तिकीट अस्सल. आत एका कुटुंबाचा फोटो. आई, बाप, एक मुलगी, आणि मागे एक उंच मुलगा! झालं. पसंती आली, असं मी समजलो. आणि जमवणारं कोण? मालिनीबाई.

पाकीट लोखंडी पेटीत टाकलं. घरात कोणाला विचारलं नाही. संस्थेला पत्र लिहिलं की जर्मनच्या बाई मुलींचे फोटो परदेशी पाठवतात, चौकशी व्हावी. खाली सही केली नाही.

मागे कुजबुज सुरू झाली, ती ऐकू येते आहे. मला आणखी दोन मिनिटं द्या.

चौकशी दोन महिने चालली. प्रमुख हेच ढुंढिराज सर होते. शेवटी पालकांना बोलावलं. बाईंनी सगळ्या मुलांचे कागद आणले आणि एकेक मराठीत वाचून दाखवला. आपली अकरा मुलं तिकडच्या एका शाळेतल्या मुलांच्या घरी तीन आठवडे राहायला जाणार होती. ज्यांच्याकडे राहायचं त्यांना आपली ओळख लिहून पाठवायची, हा वर्गातला पाठ होता. माझ्या पेटीतलं पाकीट म्हणजे एका घरानं पाठवलेलं "या" होतं.

स्नेहलच्या कागदाचा शेवट मला आजही पाठ आहे. "माझे आजोबा रोज माझं दप्तर तपासतात. मला राग येतो. पण ज्या दिवशी ते तपासत नाहीत, त्या दिवशी त्यांना बरं नाही असं मी समजते."

बाई निर्दोष ठरल्या. पण तोवर तिकडे कळवायची मुदत टळली होती. अकरा मुलांचं जाणं राहिलं. स्नेहल दोन दिवस जेवली नाही. मी तिच्या शेजारी बसून म्हणालो, "कोण असेल गं तो मेला पत्र लिहिणारा?" हे मी म्हणालो, मंडळी.

मग आजच का बोलतो? मघाशी चहाच्या टेबलाशी एक गृहस्थ म्हणाले, "बाई चांगल्याच, पण ते फोटोंचं प्रकरण..." बाई उद्या कायमच्या इगतपुरीला भावाकडे चालल्या आहेत. हा "पण" त्यांच्या सामानात जाऊ नये.

ते पत्र माझं, हे बाईंना ठाऊक होतं का? त्या चौकशीनंतर शाळेच्या फाटकापाशी त्या मला म्हणाल्या होत्या, "आजोबा, दप्तर तपासणं बंद करू नका हं. पोरीला काळजी वाटेल." सहा वर्षं मी या वाक्याकडे संशयाने बघतो आहे.

स्नेहल, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस. जूनपासून बाईंचा वर्ग तूच घेणार आहेस. मान खाली घालू नकोस, ती मी घालायची आहे. हे ते पाकीट. त्या घराला उत्तर लिही. उशीर झाला म्हणून लिही आणि कोणामुळे झाला तेही लिही.

बाई, तुमच्यासाठी हे दुसरं पाकीट. तिकीट लावलेलं, पत्ता माझा, आत कोरा कागद. मला माफ केलं की नाही, तेवढं कळवा. एक शब्द पुरे, पण मराठीत, आणि लवकर. माझं वय शहात्तर आहे, आणि पावसाळ्यात इगतपुरीचं टपाल भिजतं. पाकीट आलं की स्नेहल उघडेल. मी हात लावणार नाही.

मला इथे उभं केल्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते आपण पोटात घालावं. जे केलं त्याचं बाई ठरवतील.

आणि अध्यक्ष महाराज, त्या पत्राखाली नाव राहून गेलं होतं. ते आता लिहून घ्या : पुंजाराम गोटीराम गायखे, राहणार नाशिकरोड.