कापलेले दोन सेकंद

...आणि वर मलाच म्हणतो, "तुला जरा जास्तच थंडी वाजते, नाही?" आता तुम्हीच सांगा, बेडरूममध्ये दिवसरात्र एसी अठरावर लावून ठेवल्यावर कुणाला वाजणार नाही? बरं, तो एसी आमच्यासाठी नाहीच मुळी, तो आहे रिळांसाठी! आमच्या पलंगाखाली बारा डबे आहेत, एका जुन्या सिनेमाचे, जगात त्याची तेवढी एकच प्रत उरलीय आणि ती नेमकी माझ्या पाठीखाली. मी कूस बदलली की नवरा झोपेत पुटपुटतो, "हळू गं... सातवं रीळ नाजूक आहे." मी नाजूक नाही, हे त्यानं परस्पर ठरवूनच टाकलंय.

नवरा जुन्या फिल्म दुरुस्त करतो, तुम्हाला सांगते, आणि थिएटर भाड्यानं घेऊन खऱ्याखुऱ्या प्रोजेक्टरवर दाखवतो. पहिल्या भेटीत त्यानं माझा हात हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, "तुझ्या बोटांना अजिबात घाम येत नाही." मी लाजले हो! मला काय माहीत, ती नोकरीची मुलाखत होती? लग्नानंतर आठवडाभरात पांढरे हातमोजे हातात आले, आणि तेव्हापासून दुपारभर मी फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं चिकटवत बसते. त्यात तो वास! जुनी फिल्म सडायला लागली की व्हिनेगरसारखी आंबूस होते. माझी आई आली होती, दारातच थबकली. "काय गं, घरात काही नासलंय का?" म्हटलं, "हो आई. ते वाचवतायत."

मला एवढंच हवं होतं की चार दिवस कुठेतरी जावं. दोघंच. लग्न होऊन सहा महिने झाले, आम्ही अजून गावाबाहेर पडलेलो नाही. कारण? दोन सेकंद!

त्याचं असं झालं. या सिनेमातली नायिका खिडकीशी पाठमोरी उभी असते, कुणीतरी हाक मारतं, ती वळते आणि हसते. म्हणे. म्हणे अशासाठी, की ते वळणं आणि हसणं फिल्ममध्ये नाहीच. पाठमोरी उभी आहे, उभी आहे, आणि खट्! एकदम खुर्चीत बसून कप तोंडाला लावलाय. मधले दोन सेकंद गायब. म्हणजे अठ्ठेचाळीस फ्रेम. "ते मिळाले की शो, शो झाला की आपण मोकळे, मग जाऊच," असं नवरा मला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सांगतोय. जगभर पत्रं पाठवून झाली, परक्या देशातल्या लोकांना हा रोज लिहितो, आणि बायकोला विचारायला वेळ नाही की भाजी आणलीस का. दोन सेकंदांसाठी हो! शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो!

तर परवा दुपारी रिकाम्या थिएटरात चाचणी होती. वर केबिनमध्ये सासरे. एकेचाळीस वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर होते ते, याच थिएटरात, आणि याच थिएटरच्या माळ्यावर ही प्रत सापडली. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. ती सवय अशी अंगात भिनलीय की घरी टीव्हीसुद्धा ते कोपऱ्यातच बघतात. खाली सासूबाई, मी आणि नवरा. नववं रीळ लागलं, नायिका पाठमोरी उभी राहिली, खट्! आणि नवरा ओरडला, "कुण्या नालायक ऑपरेटरनं कापलंय, बाबा!"

वरून खोकला. चांगला लांबलचक.

आता मी बोलत नाही फारशी, पण कान आहेत ना? हा खोकला मला पाठ होता. जेवताना दोन सेकंदांचा विषय निघाला, की खोकला. पत्र आलं, की खोकला. एरवी माणूस ठणठणीत! त्यात मी रोज ती फिल्म हाताळतेय. ते फाटलेलं नव्हतंच. दोन फ्रेमच्या मधोमध सरळ, सुबक काप. हे उंदराचं काम नाही, जिव्हाळ्याचं काम आहे.

मी चहा घेऊन केबिनमध्ये गेले, कप ठेवला आणि हळूच म्हटलं, "बाबा, कुठे ठेवलेत?"

एवढा मोठा माणूस, तेलाची बुधली हातात धरून शाळेतल्या पोरासारखा उभा! "अगं, तेव्हा सगळेच कापायचे. शेवटचा खेळ झाला की थोडी आठवण... मी बावीस वर्षांचा होतो. तुझ्या सासूला दिलं. लग्नाआधी. म्हटलं, ही वळून हसते ना, तू अगदी तश्शी दिसतेस."

किती गोड! मला भरूनच आलं. आणि इथे, तुम्हाला सांगते, माझं चुकलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी सगळ्यांदेखत आपणहून तोंड उघडलं. धावत खाली आले आणि म्हटलं, "आई! ते दोन सेकंद तुमच्याकडेच आहेत!"

घरी आलो. सासूबाईंनी शिलाई मशीनचा खण उघडला, बॉबिनच्या डबीतून एवढीशी गुंडाळी काढली, चेहरा असा की जणू कालच लग्न ठरलंय. नवऱ्यानं हातमोजे चढवले, पट्टी दिव्यासमोर धरली, मोजली. परत मोजली.

"आई, या बाराच आहेत."

"असतील. दिल्या तेवढ्या आहेत."

"अगं, पण अठ्ठेचाळीस हव्यात. हा अर्धाच सेकंद झाला."

सासूबाईंनी पट्टी स्वतःच्या हातात घेतली. चष्मा लावून बघितली. मीही मागून डोकावले. बाराच्या बारा फ्रेममध्ये नायिकेची पाठ. पाठ आणि वेणी.

"अहो, यात ती वळतच नाहीये!"

खोकला.

"मला वाटायचं, आधी वेणी आणि पुढे हसू, म्हणजे तुम्हाला माझी वेणीही आवडते. एवढी वर्षं मी केस कापले नाहीत हो त्यापायी! खरं सांगा, हसू कुणाला दिलंत?"

सासरे जमिनीकडे बघत म्हणाले, "मी भेदभाव नाही केला गं. चौघींनाही सारख्याच बारा दिल्या."

चौघींनाही!

घरात अशी शांतता पसरली की एसीचा आवाज बैठकीत यायला लागला. आणि माझा नवरा? आईचा चेहरा बघितला त्यानं? छे! आनंदानं उडीच मारली. "म्हणजे बाकीच्या छत्तीस शाबूत असतील! बाबा, पत्ते आठवतात?" बाबांना रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण तीन गावं, तीन गल्ल्या, एकीचा तर मजलासुद्धा सांगितला! सासूबाई एकेक पत्ता ऐकत होत्या आणि खण उघडत होत्या, बंद करत होत्या.

मग नवरा माझ्याकडे वळला. डोळे चमकतायत! "तू म्हणत होतीस ना, कुठेतरी जाऊ? शेवटचं गाव तर समुद्राकाठी आहे!"

तर उद्या निघतोय. दोघं नाही, चौघं. पट्ट्या ओळखायला सासरे हवेत. आणि सासूबाईंनी कालच बॅग भरली. "हसू कुणाकडे आहे, ते मला डोळ्यांनी बघायचंय," म्हणाल्या. समुद्राकाठच्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्यात. एकीत बापलेक. दुसरीत सासूबाई आणि मी, कारण सासूबाई सध्या सासऱ्यांशी बोलत नाहीत. माझा हा पहिलाच हनिमून आहे... असतही असेल असंच.