आधी बूट, मग पाय

मी बोरी बुद्रुकचा. बाप लवकर गेला, माझं शिक्षण ढोरांच्या मागं झालं. बेल्ह्याच्या बाजारात कुणी बैल घेतला की तो त्याच्या गावापर्यंत हाकत न्यायचा, तवा एवढे टेंपो कुठं व्हते, आणि बैल उधळला की खडीतनं, नांगरटीतनं, काट्यातनं त्याच्या मागं पळायचं, पायात काय नाय. काय सांगू तुमाला, पाय टेकताटेकता कळायचं खाली काय हाय. टाच आपटून मी कधी पळालो नाय, चवड्यावर हलकं पडायचं, मांजरागत. बैल दमायचा, मी नाय.

म्हणून नव्वद सालानंतर एका वर्षी बेल्ह्याच्या यात्रेत पळायच्या शर्यतीला नाव दिलं. देवळापासून कालव्याच्या पुलाला वळसा घालून परत देवळाशी. बक्षीस तात्याचं. तात्या म्हणजे बेल्ह्यातला चपला-बुटांचा दुकानदार, यात्रा कमिटीतला मोठा माणूस. मी रांगेत उभा राहिलो तर माझ्या पायाकडं बघून माईकवरनं म्हणतो, ए ढोरवाल्या, हा गुरांचा बाजार नाय, बूट घालून ये. सगळी यात्रा हसली. मग स्वतःच दुकानातनं कोरा जोड मागवला, म्हणला घाल, माझ्या मालाची जाहिरात व्हईल. जाड, मऊ तळ, वाटलं गादीवर उभा हाय. तरी मी पुढंच व्हतो राव, पुलापर्यंत पुढं. वळणावर खाली दगड हाय का माती, कळलंच नाय. घोटा मुडपला आणि मी तोंडावर पडलो. मागनं मोटारसायकलवर तात्या आला, उतरला, आणि ऐका आता, मला हात नाय दिला. सुजत चाललेल्या पायातनं बूट ओढून काढला, तळ बघितला, शिवण बघितली, बोटानं माती पुसली, म्हणला कोराच हाय, विकता येईल. मग इचारलं, तुला काय झालं?

हे मी इसरलो नाय. बायको म्हणती सोडून द्या. कसं सोडू?

घोटा बरा झाला, पळणं मी सोडलं नाय, आणि त्याच बाजारात बैलांचा दलाल झालो. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकतात, तुमाला ठाऊक असंल. लंगड्या बैलाला नवी पत्री ठोकून चांगला म्हणून खपवणारे लई. मी आधी पत्री उचकटायला लावतो, बैल खडीवरनं चालवतो, मग भावाचं बोलतो. त्यावरनं शिव्या खाल्ल्यात, दिल्यातबी.

पुढं दोन हजार साल उलटून गेलं. तात्याचा थोरला पोरगा पोलीस भरतीसाठी पळायचा, जाडजूड बुटात, शर्यतीबी जिंकायचा. एका बाजारच्या दिवशी दुकानासमोरनं चाललो व्हतो, तर तात्या गिऱ्हाइकांना पातळ तळाचे बूट दाखवतोय. म्हणतोय, शहरात आता हीच टूम, अनवाणी पळणं पायाला चांगलं, हे घातले की अनवाणीच वाटतं. माझं डोकंच फिरलं. अनवाणी, आणि हे तू सांगणार? म्हटलं तात्या, मग पोराची पत्री काढ की. यात्रेला पळव माझ्यासंगं, दोघंबी अनवाणी, तोच रस्ता. पोरगा दुकानातच व्हता, म्हणला, काका, वय काय तुमचं? म्हटलं दात मोज, बैलाचे मोजतात तसे. लोकं हसली, आणि मी तात्याच्या हातावर उपरणं टाकलं. आमच्यात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, हात दाबला की सौदा पक्का, फिरला त्याला बाजारात कुणी उभं करत नाय. तात्यानं जमलेल्या लोकांकडं बघितलं. हात दाबावाच लागला.

यात्रेला पोरगा सुसाट सुटला, टाचा आपटत, बुटाची सवय. मी मागं, घाई नाय. पुलाच्या वळणावर ताजी खडी पडली व्हती. मी टाकली नाय, उगा आरोप नको, पण टाकणाऱ्याला च्या पाजला असता. पोरगा थांबला, एक पाय उचलला, मग दुसरा उचलला, मग खालीच बसला. मी देवळाला हात लावला आणि माघारी पुलावर आलो. पोराच्या तळव्याचे फोड फुटलेले, शेजारी तात्या, त्याच्या हातात पोराचे बूट. मी एक बूट घेतला, तळ बघितला, शिवण बघितली, बोटानं धूळ पुसली, म्हटलं कोराच हाय तात्या, विकता येईल.

तात्या माझ्याकडं बघत म्हणला, म्हंजे?

त्याला आठवतच नव्हतं हो. एवढी वर्षं मी उराशी धरून बसलो, आणि ह्याला आठवत नाय!

आता थंडीत घोटा ठणकतो, तरी दर बाजारी त्याच्या दुकानासमोरनं अनवाणी पळत जातो. तात्या थकलाय, खुर्चीत बसून असतो. देवाला माझं एकच मागणं, त्याला लांब आयुष्य दे, डोळे शाबूत ठेव. आठवायला वेळ लागतोय त्याला, लागू दे. मी हाय.