नदी चढली, तर आधी काय कराल?

निवडणुकीचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर माझ्या विद्यार्थिनीची हकीकत सांगते. नगरपालिकेचे दोन उमेदवार बदलापुरात मांजर्लीतील आमच्या नदीकाठच्या सोसायटीत मतदारांना भेटायला आले होते. एक होते लॅपटॉपवर रंगीत नकाशे दाखवत इंग्रजीत बोलणारे गृहस्थ. दुसरी माझी सुनंदा. मी तिला सातवीपर्यंत शिकवले. आता ती जुन्या बदलापूर गावात पोळीभाजी केंद्र चालवते आणि माइक हाती आला की अडखळते.

तळमजल्यावर राहणारे देसाई माझ्या कानाशी कुजबुजले, "बाई, तुमची मुलगी भली आहे हो, पण पालिकेत बोलणार काय, कपाळ?"

मला ते लागले. मी उभी राहिले आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारला, "नदी चढू लागली, तर आधी काय कराल?"

गृहस्थ म्हणाले, "तज्ज्ञांची समिती नेमू."

सुनंदाने माइक खाली ठेवला. "बाई, मी पयला कर्जतला आत्याला फोन लावते. तिकडं पानी चढलं का मग काही तासांनी आपल्याकडं येतं. तेवढ्यात तळमजल्यावरची म्हातारी मानसं वर न्यायची, गाड्या पुलावर लावायच्या. आमच्या गल्लीत दरसाल मीच करते."

देसाईंनी खिशातून मोबाइल काढला. "ताई, तुमचा नंबर सांगा."

तिने सांगितला. मी हळूच त्यांच्या मोबाइलमध्ये डोकावले. मतदानाला आठ दिवस बाकी होते. देसाईंनी मात्र तिचे नाव 'सुनंदाताई नगरसेविका' असे नोंदवले होते.