पहिला खर्च आपला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील साहेब मंडळी, आज निवृत्त होणारे आमचे विमेवाले भाऊ, शेजारी बसलेल्या वहिनी, आणि माझ्यासारखे हप्ते भरणाऱ्या सर्व बंधुभगिनींनो,

मी मॅट्रिक झालेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. ग्राहकांतर्फे कुणीतरी बोला म्हणाले, तेव्हा मीच हात वर केला. भाऊंना एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि दोन वर्षं ते मला टाळतात.

अकरा वर्षांपूर्वी भाऊंनी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद मांडले. एका योजनेत हप्ता जड, पण दवाखान्याचा सगळा खर्च कंपनीचा. दुसरीत हप्ता निम्मा. पण वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपला, त्यावरचा कंपनीचा. माझं बोट कुठल्या कागदावर गेलं, हे सांगायला हवं का?

"ताई, नुसतं स्वस्त म्हणून घेऊ नका," भाऊ म्हणाले. "वाचलेला हप्ता बाजूला टाका. दुखलंखुपलं की त्यातूनच काढायचे."

आमचे हे म्हणाले, "हिला टाकायला सांगा हो. काढायला सांगू नका!"

हसा, हसा. आम्हीही हसलो होतो.

योजना वाईट नव्हती. मोठ्या आजाराची धास्ती गेली, हप्ता कधी चुकला नाही, वेगळ्या खात्यात रक्कम साठत गेली. तोटा एकच, आणि तो आमच्या स्वभावात होता. पहिला खर्च आपला म्हटलं की माणूस दुखणं अंगावर काढतो.

ह्यांना जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या. पॉलिसीचं वर्ष संपायला दोन महिने होते. मी हिशेब मांडला: तपासण्या आत्ता केल्या आणि ऑपरेशन पुढच्या वर्षी निघालं, तर आपला वाटा दोनदा भरावा लागेल. म्हटलं, "नवं वर्ष लागू दे."

हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

नवं वर्ष लागायच्या आत ते गेले. पाच दिवस अतिदक्षता विभागात होते. कंपनीने आपला भाग विनातक्रार दिला. आमचा वाटा तीनदा भरता आला असता, एवढी रक्कम त्या खात्यात होती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर भाऊ म्हणाले, "ताई, तो दुसरा कागद मी दाखवायलाच नको होता." मी गप्प राहिले. दोष दुसऱ्या कुणाकडे जातोय, तर जाऊ द्यावा, असं वाटलं. देवापुढे मी हे रोज कबूल करते. पण त्याला ते आधीच ठाऊक. सांगायचं होतं ते तुम्हाला. भाऊ, तुम्ही नीट सांगितलं होतं. थांबायचं मी ठरवलं.

माझी योजना आता एका माणसाची. हप्ता कमी झाला, आणि जन्मात पहिल्यांदा कमी हप्ता मला आवडला नाही. फॉर्मवर विचारतात, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं? मी ती जागा कोरी सोडली. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काकू, कोरी नाही चालत." मग भाऊंच्या ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनचा नंबर लिहिला. उद्यापासून त्या टेबलाशी दुसरं कुणी असेल. वहिनी, तुमची हरकत नसेल तर घरचा नंबर द्याल? फोन येईलच असं नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. भाऊ, मान वर करा. मी खाली येते. पेन माझ्याजवळ आहे.