एका सुपातल्या गोळ्या

माजा जनम दिवा गावचा. बाप मिठागरावर मीठ ओढायचा, आय खाडीन चिंबोऱ्या धरायची, आन मी तिच्या पाठीपाठी चिखलान. तुमी लिवताय ते लिवा बाय, पन मी बोलते तसाच लिवा, नायतर वाचनारा बोलंल ही कोन मास्तरीन आली. चिंबोरी कशी धरतात ठाव हाय तुमाना? बिलान खांद्यापोत हात घालाचा, ती आत नांगी उगारून बसलेली, तिला मागून चिमटीन धराची, जरा चुकला तं बोट गेला समजा. आय बोलायची, पोरी, आपल्याला शेत नाय, आपला हात हाच नांगर आन हाच बैल. मना हसू यायचा. हात तं सगल्यांनाच असतात, त्याचा कवतिक काय कराचा.

स्वराज्य आला त्याच्या पुढल्या साली माजा लगीन झाला, बालकूमला दिला मना. घरान सासू, माजा दादला आन धाकटा दीर. सासरा कवाच गेलेला, सासूच घराची मालकीन, आन बाई मोठी कडक. आमच्यात मासली आली का वाटे पडतात. किनाऱ्यावर ढीग लावाचे, होडीचा येगला, जाल्याचा येगला, मानसांचे येगले, गावान कोनी रांडमुंड असंल तं तिचा पन. मंग एकानी पाठ फिरवून उभा ऱ्हावाचा, दुसऱ्यानी ढिगावर बोट ठेवून इचाराचा हा कोनाचा, आन पाठमोरा जेचा नाव घेईल तेचा तो वाटा. मोठी बोय कोनाला गेली, बारकी कोनाला गेली, तेच्यावर मंग कुरकुर नाय. सासू घरान पन तसाच वागायची. गूल आला तं दोघा पोरांना सारखा, आन पुढं दोन सुना झाल्या तं शिव्या पन दोघींना सारख्याच. एकीला रांडे बोलली का दुसरीला बोलल्याबिगर घोट उतरायचा नाय तिच्या गल्याखाली.

धाकटी जाव आली ती हिरा, कोलशेतची. दिसायला बरी, आवाज गोड, हलदीला गाना बोलायला लागली का बाया हातातला काम सोडून ऐकायच्या. मी जलायची तिच्यावर, खोटा कशाला बोलू. पन ती मना बाय बाय करून मागं फिरायची, माजी घागर माज्या आधी भरून आनायची, तिच्यावर किती दिवस जलनार. मंग आमी दोघी एका जागी बसून कोलबी सोलायचो आन सासूची नक्कल करून हसायचो.

काय सांगू तुमाना, त्याच हसन्याला नजर लागली. पयला मना झाला. सकालची मूठ वलायची नाय, बोटा सुजून गाजरासारी, मनगटान आग, दुपार झाली का जरा सुटायचा आन दुसऱ्या दिवशी तसाच. बाळंतपनाचा वात बोलावा तं मना बाल पन झाला नव्हता. वर्स जाते तवर हिराला पन तोच रोग, तिचे तं गुडघे पन धरले. आता दोघी दोन गावच्या पोरी, रक्ताचा नाता नाय, मंग गाव बोलायला लागला का दोष पोरींचा नाय, उंबऱ्याचा हाय. भगत आनला, कोंबडा कापला, उंबऱ्याखाली खिले ठोकले, आन आमी तश्याच. सासूनी मंग एक दिवस चुलीजवल बसून सांगितला, पावसाला सरेपोत बगते, दसऱ्याला पंच बसवते, मोठीला दिव्याला पोचवते आन धाकटीला कोलशेतला. बिनहाताच्या सुना काय मी देव्हाऱ्यान पुजायला ठेवू. माजा दादला तिथंच जेवत बसलेला. त्यानी भाकरीचा तुकडा मोडला आन कालवनान बुडवला. माहेरी बाप मेलेला, आय भावाच्या पदरी, मी जाऊन उभी ऱ्हायली असती कुठं?

ठान्याला मी मासली घेऊन जायची तवा तलावपालीच्या बाजूची एक गिऱ्हाइक बाय माज्याशी चांगली बोलायची. तिनी माजे हात बगितले आन बोलली, अगं, इथे एका शेटच्या बंगल्यात मुंबईचा मोठा डॉक्टर येतो, फक्त सांध्यांचं बघतो, पैसा घेत नाही, परदेशातलं नवं औषध आलंय. पैसा घेत नाय ऐकला का सासू लगेच उठली. दोघींना घेऊन गेली. डॉक्टर काय खूश झाला आमाना बगून, आजारी मानसाला बगून इतका खूश झालेला मानूस मी पयल्यांदा बगितला. आपल्या हाताखालच्या पोरीला बोलतो, एकाच घरातल्या दोघी, रक्ताचं नातं नाही, पाणी एक, अन्न एक, काम एक, याहून चांगली जोडी मिळायची नाही. आमची बोटा मोजली, सोनाराकडं असतात तशा रिंगा एकामागं एक घालून बगितल्या कंची सांध्यावरून जाते. हवा भरलेली रबराची पिशवी हातान दिली, बोलला दाब, जीव खाऊन दाब, आन काटा किती चढतो ता बगितला. मंग दोघींना दोन पुड्या, गोल्या पांढऱ्या, दिसायला सारख्या. आन सांगितला, जिची पुडी तिनीच घ्यायची, अदलाबदल करायची नाही. का, ता बोलला नाय. आमी पन इचारला नाय. डॉक्टरला का म्हनून इचारतात का कोन?

हिराला गुन आला. आन कसा आला, बाय, आठ दिवस झाले नसतील, ती सकाली उठली आन तशीच तरातरा चालत बावीवर गेली. सूज पानी झाली. हसायला लागली, पोटाला लागला का मागून मागून खायला लागली, चिखलान उतरून चिंबोरी काढून आनली आन माज्यासमोर आपटली, बोलली बाय बग, नांगी पन लागली नाय मना. नारली पुनवेला नाचली. आन मी तिथंच भितीला टेकून बसलेली, माजी मूठ उघडीच. गोल्या मी पन घेतल्या, एक पन चुकवली नाय, देवाचा नाव घेऊन घेतल्या. सासू बोलायची, औषध एक, डॉक्टर एक, हिलाच नाय लागत, हिच्या पोटान पाप हाय. दसरा जवल आला तशी ती माजी लुगडी येगली ठेवायला लागली.

पन तिला एक गोष्ट रुतली. आपल्या घरान एकीला पुरा आन एकीला कायच नाय, असा वाटा तिनी जल्मान केला नव्हता. पुढल्या पुड्या आनल्या त्या दिवशी तिनी सूप घेतला, दोन्ही पुड्या तेच्यान ओतल्या, हातान कालवल्या, दोन ढीग लावले. दिराला बोलली पाठ फिरव. ढिगावर बोट ठेवला, हा कोनाचा? दीर बोलला, वहिनीचा. मंग दुसरा हिराचा. माजी माया आली म्हनून नाय केला तिनी, ती तशी बाई नव्हती, न्याय म्हनून केला. हिराचा तोंड उतरला, ता मी बगितला. तिनी आपला वाटा पदरान बांधला. आन मना आनंद झाला, बाय. तुमी आता माज्याकडं असा बगू नका. तुमचे हात चालतात.

चार दिवसांनी माज्या बोटान ऊब आली. मूठ पुरी नाय, पन आर्धी वलली, उलथना धरता आला, भाकरी थापली. हिरा जरा मागं गेली, सकालची लंगडायची, गाना बोलायची पन नाचायची नाय. सासू खूश. बोलली, दोन आर्ध्या सुना म्हंजे एक पुरी सून, आता कोनाला पोचवायला नको. माजी लुगडी परत दांडीवर आली. ते दिवस माजे सगल्यात चांगले, खरा सांगते, लग्नानंतरचे पन तसे नव्हते.

डॉक्टरकडं परत गेलो तवा सासू मुद्दाम संगं आली, चिंबोऱ्यांची पाटी भरून, डॉक्टरचे उपकार फेडायला. मी पिशवी दाबली, काटा वर गेला. हिरानी दाबली, काटा खाली आला. डॉक्टर एकदा माज्याकडं बगतो, एकदा तिच्याकडं. घरी काही वेगळं केलंत का, बोलला. आता दुसरी कोनी असती तं गप बसली असती. पन आमच्या सासूला वाट्याची लाज कशी वाटनार? तिनी मान वर करून सांगितला, डॉक्टरसाब, दोघींच्या गोल्या एका सुपान घातल्या आन सारखे वाटे केले, आमच्यात कोनाला उना पडून देत नाय. डॉक्टर पांढरा पडला. मंग लाल झाला. बोलला, अहो बाई, माझं सगळं काम तुम्ही खाडीत घातलंत. ह्या दोघींचा मला काडीचा उपयोग राहिला नाही. नावं कापली दोघींची, उरल्या गोल्या मागून घेतल्या. सासू पाया पडली, बोलली धाकटीला तरी तिच्या तिच्या द्या, मोठीचा ऱ्हाऊ दे. तो बोलला, हे औषध मोजून येतं, वाटायला येत नाही. गोली एकदम बंद केली तं काय व्हतो, ता त्याला ठाव व्हता. बोलला नाय. रागान इसरला, का बोलायचाच नव्हता, ता देवालाच ठाव. चिंबोऱ्या मात्र ठेवून घेतल्या.

तिसऱ्या चवथ्या दिवशी हिराला वकारी सुरू झाली. पोटान पानी ठरंना, अंग थंड, उठवून बसवली का डोले फिरवायची. मना पन मलमल, पन माज्या पोटान ते औषध थोडेच दिवस गेलेला, तिच्या पोटान सुरवातीपासून, म्हनून मी वाचले. दिरानी तिला बाजेवर घातली, चौघांनी उचलून ठान्याला नेली, मी पदर धरून मागं मागं. बंगल्यावर डॉक्टर नव्हता, मुंबईला गेलेला. हाताखालची पोरगी बाहेर आली, बाजेकडं बगितला आन बोलली, हिचं नाव नाही आता, आणि आज डॉक्टरांचा वारही नाही. दीर बोलला, नाव घाला परत. ती आत गेली ती आलीच नाय. आमी बाज तलावाच्या काठी सावलीला ठेवली. हिरा बोलली बाय, पानी. मी ओंजल करून आनला, माज्या त्या आर्ध्या मुठीतून निम्मा सांडला. घरापोत पोचली नाय ती. लोक बोलतात गरज सरो आन वैद्य मरो, इथं वैद्याची गरज सरली आन मेली हिरा.

हिराचे दिवस झाले आन डॉक्टर मोटार घेऊन बालकूमला आला. आमाना वाटला, मानूस हाय, दुखवट्याला आला असंल. त्यानी इचारला वकारी कवा सुरू झाली, ताप व्हता का, सगला उतरून घेतला. मंग बोलला, जाळायच्या आधी कळवायला हवं होतं, सांधे बघता आले असते. दीर वल्हा घेऊन उठला, सासूनी तेला बसवला. तवा त्याच्याच तोंडून कलला आमाना सगला. हिराची गोली खरी आन माजी नुसती पिठाची, फरक दिसावा म्हनून. आर्ध्या बायांना खरी द्यायची आन आर्ध्यांना पीठ, आन कोनाला कोनती ता सांगायचा नाय. माज्या पापाचा एवढा बोलनारी सासू, ती पन तोंडाला पदर लावून बसली. मंग तो माज्याकडं वलला, बोलला, तू नव्याने ये, या वेळी खरं औषध देतो, पुष्कळ दिवस चालवून बघायचंय.

मी सासूकडं बगितला. ती बोलली, जा. एकीचे हात गेले, घरान दोघींचा काम पडलाय. आन मी गेले. दिरानी त्या दिवसापासून माज्या हातचा पानी घेतला नाय, परवा येगला बिऱ्हाड केला त्यानी.

आता बगा, हात चालतात माजे. चिंबोरी धरते, जाली इनते, बाजार करते. तोंड भोपल्यासारा सुजलाय, पाठीला बाक आला, डॉक्टर बोलतो हाडं विरळ होतात, तेची पन नोंद घेतो. माज्या हातांचा फोटो काढून इलायतेच्या बुकान छापला, तोंड नाय घेतला, नुसते हात. आन मना सांगून ठेवलाय, इथलं बाकीच्या बायकांशी बोललीस तर तुझ्याही गोळ्या बंद. गोली बंद म्हंजे काय, ता मी या डोल्यांनी बगितलाय.

आता बंगल्यावर बाकड्यावर माज्या बाजूला कल्यानची एक पोरगी बसते, लगीन होऊन वर्सदोन वर्स झालेली. तिच्यासंगं आलेल्या बाया भाकऱ्या थापायला लागल्या, ही अजून तश्शीच, दादला तिला घालवायला बगतो. दर खेपेला माजे हात हातान घेते आन इचारते, ताई, माजे कवा असे व्हतील गो, मी एक पन गोली चुकवत नाय. मना कलतो तिच्या पुडीन काय हाय ता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवते, बोलते घे बाय, नेमानी घे, देव तुजा भला करंल. ती वाकून माज्या पाया पडते. आन माजा नंबर आला का मी आत जाते.