पाचव्या पोस्टरचा धनी

तुम्ही म्हणता ना, मी तोंडाळ आहे? मग हे ऐकाच.

नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या डिझाइन कॉलेजात आमचा वर्षअखेरचा रिव्ह्यू होता. नापास झाले असते तर व्हिसा संपला असता आणि मी थेट पुण्यात. त्यात सकाळीच बाबांचा फोन, "मोठ्यांसमोर तोंड आवर."

आमचे प्राध्यापक क्लाउस सर जर्मन, पोस्टर डिझाइनमधलं मोठं नाव. त्यांनी सगळ्यांची पोस्टर्स नावं झाकून भिंतीवर लावली आणि पाचव्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "हे कसं वाटतं?"

"भित्र्या माणसाचं काम आहे. मोकळी जागा दिसली की यानं रेघ मारलीय."

शेजारच्या स्नेहलने माझा पाय इतक्या जोरात दाबला की मी कळवळले.

"हे माझं आहे," सर म्हणाले. "याच्यावरच मला पहिली नोकरी मिळाली."

तरी मी म्हटलं, "असेल. पण या रेघा नकोतच."

त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. "खोड." मी तीन रेघा खोडल्या. मागे सरकून त्यांनी पोस्टर पुन्हा पाहिलं.

"दरवर्षी मी हे तुमच्या पोस्टर्समध्ये मिसळतो आणि दरवर्षी सगळे कौतुक करतात. सीनियर्स आधीच सांगून ठेवतात ना! तुला नाही सांगितलं?"

"सांगायला आले होते, सर. मी ऐकूनच घेतलं नाही."

संध्याकाळी पुन्हा बाबा. "तोंड आवरलंस ना?"

"नाही. म्हणूनच पास झाले."